बारवेतली नाणी मोडीत घालायच्या आधी: देवस्थानच्या विश्वस्तांना खुलं पत्र

रामराम मंडळी,

अध्यक्ष आण्णा, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे विश्वस्त, शिवाय त्या दिवशीच्या मीटिंगला ज्यांनी ज्यांनी हात वर केले ती सगळी गावकरी मंडळी, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. ठरावाचा फोटो ग्रुपवर बघितला. दानपेटीतून इतक्या वर्षांत निघालेली न चालणारी नाणी आणि यंदा उन्हाळ्यात बारवेचा गाळ काढला तेव्हा सापडलेली काळीहिरवी नाणी, सगळी एकत्र करून मोडीत द्यायची आणि त्यातलं तांबं-पितळ ओताऱ्याला देऊन देवळाला मोठी घंटा करून घ्यायची असं ठरलंय. मी त्या दिवशी गावात नव्हतो. ग्रुपवर लिहिलं तर त्याच्यावर तासाभरात गुड मॉर्निंगची फुलं पडतात आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे जातो, म्हणून हे असं लांबलचक लिहितोय, आणि खुलं अशासाठी की आजूबाजूच्या गावांत पण बारवा साफ करायचं काम जोरात चाललंय, तिथेही आज ना उद्या हाच प्रश्न येणारे.

आधीच सांगतो, कुणाच्या हेतूवर शंका नाही. एकही नाणं विकू नका, सगळी जपून ठेवा असंही माझं म्हणणं नाही, उलट त्या डब्यांतलं बरंचसं विकायच्याच लायकीचं आहे. म्हणणं एवढंच की आधी निवडा, मग विका. "खराब नाणी" असं एक लेबल लावून तुम्ही पाच-सहा वेगवेगळ्या भानगडी एका घमेल्यात ओतल्यात, त्यातल्या काही वितळवणं बेकायदेशीर आहे, काही परस्पर विकणं बेकायदेशीर आहे, काहींची किंमत शून्य आहे, आणि काहींची किंमत तर त्या खराब असण्यातच आहे.

आता घंटेचंच बघू, कारण सगळा उत्साह तिथे आहे. घंटा चांगली वाजते ती काशाची. काशात ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील लागतं, कथील कमी पडलं की घंटा ठण्ण वाजायच्या ऐवजी बदबद वाजते. आपल्याकडचे इंग्रजांचे पैसे आहेत त्यातले १९०६ च्या आधीचे नुसत्या तांब्याचे, आणि नंतरच्यांत तांबं ९५ टक्क्यांच्या आसपास, कथील जेमतेम ४ आणि उरलेलं जस्त. शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी, त्या तर तांब्याच्याच. म्हणजे कथील बाहेरून आणायचंच आहे. वर त्यात अॅल्युमिनियमचे पैसे, स्टीलचे रुपये, बारवेतली माती आणि क्षार, हे सगळं मुशीत गेलं तर कुठलाही शहाणा ओतारी त्याला हात लावणार नाही, तो काय करेल, तुमचा माल वजन करून बाजूला ठेवेल आणि स्वतःकडच्या धातूची घंटा ओतून देईल. तुम्हाला वाटेल पूर्वजांची नाणी घंटेत गेली, आणि नाणी गेलेली असतील भंगारच्या ट्रकमधून कुठेतरी लांब. मग सरळ वर्गणी काढा ना. घंटेसाठी माझे पैसे धरा, नाव पाटीवर नको.

बरं, आता ढीग. गेल्या महिन्यात गावात आलो तेव्हा ऑफिसमध्ये बसून मी ते डबे चाळलेत, म्हणून जे बघितलंय त्यावरच बोलतो.

सगळ्यात मोठा वाटा अॅल्युमिनियमचा आहे. चौकोनी पाच पैसे, पाकळ्यांचे दहा पैसे, षटकोनी तीन पैसे आणि वीस पैसे, आणि तो एक पैसा जो वाऱ्याने उडेल असा. १९५७ च्या १ एप्रिलला सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आणि पुढे साठीच्या दशकात तांबं-निकेल महाग पडायला लागल्यावर ही हलकी नाणी आली. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत. त्याआधी बँका बदलून देत होत्या, तेव्हा आपण गेलो नाही, आता कोणी देणार नाही. ही नाणी कोट्यवधींनी पाडलेली, झिजलेली, वाकलेली, त्यांचं काहीही होणार नाही. शाळेसाठी प्रत्येकातली दोन-दोन बरी निवडून बाजूला काढा (पोरांना तीन पैशांचं नाणं होतं हेच खरं वाटत नाही) आणि बाकीची बिनधास्त किलोवर द्या. एक पिवळं वीस पैशांचं कमळाचं नाणं मात्र बायका देणार नाहीत, ते लक्ष्मीपूजनाला लागतं, आणि त्यात सोनं आहे ही अफवा माझ्या लहानपणापासून आहे. सोनं नाहीये. पण राहू द्या, पूजेला चांगलं दिसतं.

दुसरा वाटा चालू नाण्यांचा. हो, चालू. गंजल्यासारखी दिसतात, काळी पडलीत, काही वाकलीत, दुकानदार घेत नाही म्हणून ती "खराब" मध्ये गेलीत. पण पन्नास पैसे, रुपया, दोन, पाच, दहा, वीस ही सगळी आजही कायद्याने चलनात आहेत. पन्नास पैसे बंद झाले असं सगळे ठामपणे सांगतात, झालेले नाहीत. जुन्या डिझाइनचा जाड पाच रुपयांचा ठोकळा, मोठा रुपया, सगळं चालतं. आणि कॉइनेज अॅक्ट २०११ नुसार चालू नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देवाच्या घंटेसाठी वितळवलं म्हणून त्यात सूट नाही आण्णा. तेव्हा ही नाणी धुवून, शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्या करून बँकेत भरा, रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलंच आहे की अशा पिशव्या घ्या. शाखेतला माणूस कंटाळेल, वेळ नाही म्हणेल, मोजायला मशीन नाही म्हणेल. तरी घ्यावी लागतात. दोन तरुण पोरं सोबत न्या आणि गर्दीच्या दिवशी जाऊ नका.

निवडायला सोपी युक्ती सांगतो, लोहचुंबक घ्या. स्टीलची नाणी लगेच चिकटतात. पण चिकटलेलं सगळं बँकेत नेऊ नका, त्यात गेंड्याचे स्टीलचे पंचवीस पैसे येतील, ते बाद आहेत. आणि मागे वाघ असलेला १९४७ सालचा रुपया आला तर तोही चिकटणार, कारण तो निकेलचा आहे, त्याला बँकेच्या पिशवीत घालू नका, शाळेच्या कपाटात ठेवा. दुर्मिळ वगैरे नाहीये, पण इंग्रजांचा शेवटचा रुपया आहे, पोरांना दाखवायला बरा.

तिसरी गोष्ट, आणि इथे जरा तोंड कडू करून लिहावं लागतंय. डब्यात मोठी जाड पिवळट नाणी आहेत, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता-मारुती आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८. ही नाणीच नाहीत. कंपनी सरकारने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत, ही नंतर जत्रेत, देवस्थानाबाहेर विकायला बनवलेली टोकन आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून ज्याने दानपेटीत टाकली त्याची श्रद्धा खरी होती, नाण्याचं साल खोटं आहे, एवढंच. आपल्या ग्रुपवर एकाने त्याचाच फोटो टाकून "ऑनलाइन पंचवीस लाख" असं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं "दहा लाख". बाबांनो, असल्या जाहिरातींवर फोन केला की आधी रजिस्ट्रेशन फी मागतात, मग जीएसटी, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कोणाला असं कमिशन घ्यायला नेमलेलं नाही. ट्रस्टच्या खात्यातून असल्या कुणाला एक रुपयाही जाता कामा नये, हे प्लीज ठरावात घाला.

चौथा वाटा इंग्रजांच्या तांब्याच्या पैशांचा. १८३५ चा कंपनीचा पाव आणा, मग राणीचा, मग एडवर्ड, मग दोन जॉर्ज. ढब्बू पैसे पण आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त इतके झिजलेत की नुसती गुळगुळीत चकती राहिलीय, त्यांना संग्राहक पण विचारत नाही, तेव्हा त्या चकत्यांबद्दल माझा काही आग्रह नाही. पण भोकाचे पैसे बघितले का, ते कुणीतरी "भोक पाडलेली, खराब" म्हणून वेगळ्या पिशवीत टाकलेत. अहो ते भोक टांकसाळीतलंच आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबं कमी पडलं म्हणून १९४३ पासून मधे भोक ठेवून पैसा पाडला, तेवढीच धातूची बचत. आजोबा सांगायचे की लोक ते पैसे करदोट्यात ओवायचे आणि मिस्त्री लोक वॉशर म्हणून वापरायचे, कारण वॉशर पैशापेक्षा महाग होता.

चांदीचे रुपये थोडेच आहेत, ते खजिनदारांनी आधीच कुलपात ठेवलेत ते बरं केलं. १९३९ पर्यंतच्या राणीछाप-राजाछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, सराफाकडे जाल तेव्हा हे लक्षात असू द्या, दोन्ही एकाच भावाने मोजू नका, मोजू देऊ पण नका. कडी डागलेले, भोक पाडलेले, हारातून तुटलेले रुपये कोणी दुर्मिळ म्हणून घेणार नाही, त्यांचा भाव चांदीचा. ते विकायचे तर विका, माझी हरकत नाही, पण पावती घ्या, आणि ट्रस्टच्या चल मालमत्तेच्या रजिस्टरला आधी नोंद करा मग विका. धर्मादाय ऑफिसला उद्या कोणी अर्ज केला तर तुम्हीच अडकाल.

फक्त दोन रुपये त्यातून बाहेर काढा. जाडसर, वेडेवाकडे, फारसी अक्षरांचे, आणि त्यांच्यावर बारीक बारीक ठोकल्यासारख्या खुणा. मीटिंगमध्ये त्यांना मुघलांचे म्हणाले म्हणे, आणि खिळ्याने टोचून खराब केलेले. फारसी अक्षरं आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव असलं तरी नाणं मुघलांचंच असतं असं नाही. मराठे, होळकर, शिंदे सगळ्यांनी बादशहाच्या नावाने रुपये पाडले, कारण बाजारात तोच चेहरामोहरा चालायचा. आपल्या जिल्ह्यात चांदवडला टांकसाळ होती, तिथला चांदवडी रुपया शाह आलमच्या नावाचाच आहे, आणि हे दोन तसलेच असावेत असा मला दाट संशय आहे, जाणकाराला दाखवल्याशिवाय ठाम बोलत नाही. आणि त्या टोचलेल्या खुणा म्हणजे सराफांचे छाप. रुपया हातात आला की सराफ चांदी खरी आहे का ते तपासायचा आणि आपली खूण मारायचा. जेवढे छाप जास्त तेवढ्या पेढ्यांवरून तो रुपया फिरलाय. याला खराब म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. शिवराया.

बारवेतून निघालेल्या नाण्यांत बऱ्याच शिवराया आहेत आणि त्यांच्याबद्दल ठरावात "अक्षरे न वाचता येणारी तांब्याची जुनी नाणी" असं लिहिलंय, ते वाचून मला बसवेना. एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, ही अक्षरं महाराजांनी तांब्यावर आणली, सगळीकडे फारसी नाणी चालत असताना. पण एका शिवराईवर ही सगळी अक्षरं पूर्ण दिसतील अशी अपेक्षाच चुकीची आहे. ठसा बहुतेक वेळा मोठा असायचा आणि तांब्याचा तुकडा लहान, हाताने ठेवायचा, हातोडा मारायचा, ठसा इकडे सरकला तर श्री गेलं, तिकडे सरकला तर शिव गेलं. त्यामुळे "त्रप" एवढंच दिसणारं नाणं अर्धवट नाही, ते तसंच जन्माला आलंय. ते मोडकं समजून मोडीत घालणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर मोडी वाचता येत नाही म्हणून तो बंबात घालण्यासारखं आहे.

सगळ्याच शिवराया महाराजांच्या काळातल्या नाहीत हेही सांगतो, कारण उद्या कोणीतरी फ्लेक्स लावेल. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ ला, पण शिवराई नंतर सातारकर छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात वेगवेगळ्या टांकसाळींतून पडत राहिली, अक्षरं बिघडत गेली, शिव चं सिव झालं, सीव झालं, वजन कमीजास्त झालं, इंग्रज आल्यावर सुद्धा कित्येक वर्षं ती बाजारात चालत होती. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर बरीच अलीकडची. आपल्या बारवेतल्या मला तरी बहुतेक नंतरच्याच वाटतात. बाजारभाव म्हणाल तर झिजलेल्या शिवराईला फार येत नाही. पण एकाच बारवेतून एवढ्या शिवराया मिळणं, त्या किती प्रकारच्या आहेत, सगळ्यात जुनी कोणती, सगळ्यात नवी कोणती, यावरून ही बारव कधी वापरात होती, कधी लोकांनी नाणं टाकायचं थांबवलं, हे कळू शकतं. गावाच्या इतिहासाचं आपल्याकडे दुसरं काय आहे? दीपमाळेवरचा एक अर्धा शिलालेख, तोही ऑइलपेंट मारलेला.

ज्यांना अजून वाटतं की बिघडलेल्या नाण्याला काय अर्थ, त्यांनी जोगलटेंभीला जाऊन या. सिन्नर तालुक्यात, लांब नाही. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांच्या तोंडावर दुसराच ठसा मारलेला होता, नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन शिखरांचा डोंगर आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर नाणी खराब केलेली. पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा लेख आहे, माझ्या मुलाने क्षहरातांचा (म्हणजे नहपानाच्या घराण्याचा) वंश उरू दिला नाही असं त्यात कोरलंय. तो लेख खरा की नुसती आईची बढाई, हे या बिघडलेल्या नाण्यांनी पक्कं केलं. नहपान हरला, त्याचा खजिना सातवाहनांच्या हाती लागला, आणि त्यांनी वितळवायच्या भानगडीत न पडता त्याच्यावरच ठसे मारून तो चालवला. ती नाणी १९०६ साली कुणी वजनावर घेतली असती तर?

याच कारणासाठी एक हात जोडून विनंती आहे. बारवेच्या उत्तरेच्या कोपऱ्यातून जो मुठीएवढा गोळा निघालाय, एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचा, तो फोडू नका. हातोडी नको, अॅसिड नको, गरम पाणी नको, काही नको. सुटी नाणी नवसाची असतील, वर्षानुवर्षं एकेक पडलेली. पण गोळा म्हणजे कुणीतरी एकदम, एका फडक्यात किंवा मडक्यात ठेवलेला ऐवज असायची शक्यता आहे, आणि त्यातलं सगळ्यात उशिराचं नाणं सांगतं की तो कधी ठेवला. फोडला की तेही गेलं आणि नाणी पण गेली, कारण आत ती हिरव्या क्षाराने जोडलेली असतात, निघताना अक्षरांसकट निघतात.

आणि इथे कायदा येतो, कंटाळवाणा आहे पण ऐका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किती, कुठे, कधी. न कळवणं गुन्हा आहे. बारवेतल्या गाळाला हा कायदा लागतो की नाही यावर ग्रुपवर वकिली झाली, पण तो निर्णय कलेक्टर ऑफिसने घ्यायचा, आपण नाही. आपण तहसीलदारांमार्फत एक पानी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सरकार सगळं घेऊन जाईल ही भीती मला समजते, पण सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि बऱ्याचदा त्यांना सगळं नकोही असतं. शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, त्याचा व्यापार करायला लायसन लागतं आणि देशाबाहेर पाठवायला तर बंदीच आहे. म्हणजे भंगारवाल्याला शिवराया विकताना आपण फुकटात दोन कायदे अंगावर घेतोय.

आता ज्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते. मी आलो त्याच्या आधी कुणीतरी उत्साहाने एक घमेलंभर नाणी लिंबू-मीठ आणि चिंचेत घालून, वर तारेच्या घासणीने घासून लख्ख केली आणि देवासमोर ताटात मांडली. नाव घेत नाही, मन चांगलं आहे त्याचं. पण ती नाणी आता गुलाबी झालीत. तांब्यावर दोनशे वर्षांत जो गडद तपकिरी-हिरवा थर बसतो तो मळ नसतो, तो नाण्याचाच वरचा भाग असतो, आणि झिजलेल्या नाण्यावर उरलेली अक्षरं बऱ्याचदा फक्त त्या थरातच शिल्लक असतात. आंबटात तो थर विरघळला की अक्षर पण पाण्यात गेलं. समई घासतो तसं नाणं घासायचं नसतं. गुलाबी झालेली परत पूर्ववत होणार नाहीत, त्यांना आता निदान पुन्हा घासू नका.

उरलेल्यांचं काय करायचं ते सांगतो. माती असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, तांब्याची नाणी त्यात ठेवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशने हलकेच माती सोडवा, फडक्यावर सुकवा, बास. घट्ट गुळगुळीत हिरवा थर असेल तर हात लावू नका, तो नाण्याचं रक्षणच करतोय. पण फिकट पोपटी, पावडरीसारखं, नखाने सुटणारं काही दिसलं तर ते नाणं वेगळं काढा, तो चालू आजार आहे, क्षार आणि ओल मिळून ते नाणं आतून खातायत, आणि पावसाळा तोंडावर आहे. असली नाणी अगदी कोरडी ठेवायची, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि जाणकाराला दाखवायची. एखादं नाणं आकाराच्या मानाने जड, नरम आणि वर पांढरट भुकटी असलेलं निघालं तर ते शिशाचं असू शकतं, सातवाहनांनी शिशाची नाणी पाडलीत. ते पाण्यात घालू नका आणि लाकडी कपाटात पण ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या आंबट वाफांनी शिसं पांढरं पडत जातं, आणि हाताळल्यावर हात धुवा. फोटो अल्बमसारखे मऊ प्लास्टिकचे नाण्यांचे फोल्डर बाजारात स्वस्त मिळतात ते नकोत, ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होऊन नाण्यावर हिरवा चिकटा सोडतं. साध्या झिपच्या पिशव्या चालतील, प्रत्येक नाणं वेगळ्या पिशवीत, आत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बारवेचा कोणता कोपरा ते. कोपरे आठवत असतील तोवरच लिहून घ्या, गाळ काढणारी पोरं दिवाळीनंतर पुण्याला कामाला गेली की कुणाला काही आठवणार नाही.

वाचायचं कसं, तर खिडकीशी बसा, उजेड एका बाजूने आडवा येऊ द्या, मोबाइलचा फ्लॅश बंद. सरळ उजेडात जे नाणं कोरं दिसतं त्यावर आडव्या उजेडात एखादी वेलांटी उठून दिसते. खडूने, पेन्सिलीने घासून अक्षर काढायचे प्रकार नकोत.

दाखवायचं कुणाला, तर नाशिकपासून त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, देशात असल्या जागा मोजक्याच आणि आपल्याला ती घराजवळ मिळालीय. मी स्वतः फोटो घेऊन जायला तयार आहे, आधी फोटोच, नाणी ट्रस्टच्या कुलपातून हलवायची नाहीत. अधिकृत काम म्हणाल तर राज्याचं पुरातत्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, कलेक्टरकडे अर्ज गेला की तो विषय तिकडे जाईलच.

मग आता ठरावाचं काय. रद्द करू नका, दुरुस्त करा. अॅल्युमिनियम आणि गुळगुळीत चकत्या विकायला परवानगी, चालू नाणी बँकेत, टोकनं ज्याला पाहिजे त्याने आठवण म्हणून न्यावीत, चांदीचं सराफाकडे रीतसर पावतीने, आणि शिवराया, ते दोन फारसी रुपये, तो गोळा आणि ज्याबद्दल काहीच कळत नाही असं सगळं, यांची फोटोसह यादी, कुलूप, आणि कलेक्टरला अर्ज. "ज्याबद्दल काहीच कळत नाही" हे शब्द ठरावात तसेच येऊ द्या, कारण मोडीत जातं ते नेमकं तेच. सगळी परवानगी मिळाली आणि नाणी गावात ठेवायला मिळाली, तर शाळेत एक काचेचं कपाट करू, त्याचाही खर्च मी आणि मुंबई-पुण्यातली आपली मंडळी मिळून करू, तसं दोघा-तिघांशी बोललोय.

येत्या रविवारी मी येतोय. निवडायला तीन-चार जणं पुरेत, लोहचुंबक आणि दागिने तोलायचा छोटा काटा मी आणतो, झिपच्या पिशव्या पण आणतो. देवळाच्या ओसरीवर बसू, आत विजेचा उजेड आहे तो कामाचा नाही. भंगारवाल्याला ज्याने फोन केलाय त्याने त्याला तोपर्यंत फक्त अॅल्युमिनियमचा भाव विचारून ठेवावा.

तुमचाच,
वरच्या आळीतला, सध्या नाशिककर

ता. क. गाळ काढताना ज्यांनी ज्यांनी एक-दोन नाणी "आठवण म्हणून" घरी नेलीत त्यांची नावं मला माहिती आहेत, त्यात माझा पुतण्या पण आहे. कुणी काही बोलणार नाही, रविवारी ओसरीवर एक ताट ठेवतोय, त्यात आणून टाका, फक्त कुठे सापडलं तेवढं सांगा. आणि घासू नका, जशी आहेत तशीच आणा.